मागच्या दाराची ओळ

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. म्हणजे रागावशीलच, पण जरा कमी रागाव. कारण बातमी चांगली आहे. मला नोकरी लागली! फळं साठवायच्या एका मोठ्या शीतगृहात, ऑफिसातलं काम. पत्रं, सूचना, रोजचा रिपोर्ट, जे काही लिहायचं असेल ते सगळं माझ्याकडे. तू म्हणशील, या पाल्हाळ लावणाऱ्या पोरीला लिहायच्या कामावर ठेवणारा कोण शहाणा आहे? तर तो मॅनेजर आहे, सगळे त्याला साहेब म्हणतात, आणि त्याने माझं अक्षर बघून मला घेतलं. मजकूर त्याने वाचलाच नाही.

पहिलंच काम अवघड आलंय. इथे थंडाव्यासाठी अमोनिया वायू नळ्यांतून फिरवतात. तो कधी गळला तर माणसांनी काय करायचं, याची पाटी निवडीच्या हॉलमध्ये लावायची आहे. तिथे सत्तावीस बायका दिवसभर फळं निवडतात. अमोनियाचा वास एकदम नाकात घुसतो म्हणे आणि डोळे मिटून जातात, म्हणजे पाटी वाचायला वेळ असा कोणाला नसणारच. ऑफिसात जुना एक कागद होता, त्यावरून मी हे तयार केलंय:

‘सर्व कर्मचारी वर्गास या सूचनेद्वारे असे कळविण्यात येते की, वायुगळतीसदृश परिस्थिती उद्भवल्यास, कोणत्याही प्रकारे न घाबरता, हातातील चालू काम तात्काळ थांबवून, नाकातोंडावर ओलसर कापड धरून, मागील दरवाजाचा वापर न करता समोरील मुख्य दरवाजाचा वापर करून शिस्तबद्ध रीतीने इमारतीबाहेर पडण्याची दक्षता घ्यावी.’

हे वाचेपर्यंत माणूस बेशुद्ध पडेल, हे मलाही कळतं. पण कापायचं कुठे, ते कळत नाही. तू एकतीस वर्षं तार ऑफिसच्या खिडकीत बसून लोकांची वाक्यं कापलीस. माझा सहलीवरचा तीन पानी निबंध तू चार ओळींचा करून दिला होतास आणि बाईंनी नऊ मार्क दिले होते. तेव्हा चालव तुझी लाल पेन्सिल. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मग तू ‘हो हो’ म्हणून ठेवून देतेस.

तुझी ठमी


९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

नोकरीचं अभिनंदन. कागद परत पाठवते आहे. लाल रंग पाहून रडू नकोस.

‘या सूचनेद्वारे कळविण्यात येते.’ पाटी लावली आहे म्हणजे कळवतेच आहे. काढलं. ‘गळतीसदृश परिस्थिती उद्भवल्यास.’ वास आला की नाही आला? आला तर ‘वास आला’ म्हण. ‘न घाबरता.’ घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतो. काढलं. ‘शिस्तबद्ध रीतीने’ आणि ‘दक्षता घ्यावी’ हे साहेब लोकांचं समाधान. काढलं. ‘मागील दरवाजाचा वापर न करता.’ समोरच्या दाराने जा म्हटल्यावर मागच्याने जाऊ नका हे त्यात आलंच. एकच गोष्ट दोनदा कशाला? काढलं.

उरलं ते हे:

‘वास आला की काम सोडा. तोंडावर ओला कपडा धरा. समोरच्या दाराने बाहेर पडा.’

तेरा शब्द. लांबूनही वाचता येतील.

एक सवय लावून घे. शब्द खोडण्याआधी स्वतःला विचारायचं, हा गेला तर कोणाचं काय बिघडेल? ‘कोणाचं काही नाही’ असं उत्तर आलं, तरच खोडायचा. खिडकीत बसून मी हे रोज विचारत असे. का, ते विचारू नकोस.

थंडीत काम असेल तर पायमोजे घाल. तुझे पाय लहानपणापासून गार.

आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पाटी लागली! पिवळ्यावर काळी अक्षरं, माझ्या हाताएवढी. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, ‘यापुढे सगळं असंच लिहायचं, टू द पॉइंट.’ मी तुझं नाव सांगितलं नाही. सगळं श्रेय मीच लाटलं. चालेल ना?

हॉलमधल्या बायका आता मला लेखनिकबाई म्हणतात. त्यांच्यात एक आहे, तिला सगळ्या भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. सुट्टीची घंटा होते तेव्हा बाकीच्या हातमोजे काढत असतात आणि ही दारात पोचलेली असते. ती मला येता-जाता चिडवते, ‘काय लेखनिकबाई, आज कुणाचा शब्द कापलात?’ मी म्हटलं, तुझाच कापायला हवा. तर म्हणाली, माझे कापाल तर तुमच्या ऑफिसात करमणूक काय उरेल?

बाकी ठीक. दोन दिवस दुपारी हॉलच्या मागच्या भिंतीजवळ डोळे चुरचुरतात. भिंतीपलीकडे मशीनरूम आहे. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, कांदा कापलाय असं समज. मी रिपोर्टात लिहिलं, ‘मागच्या भिंतीजवळ दुपारी अमोनियाचा वास आला. तिघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.’ साहेबांनी ते खोडून लिहिलं, ‘किरकोळ वास. लक्ष आहे.’ वर म्हणाले, ‘बघा, मीही शिकलो की नाही?’ मी हसले. म्हणजे हसायलाच लागलं. बघ आत्या, तुझा आणखी एक शिष्य तयार झाला.

काळजी करू नकोस, पायमोजे घालते.

तुझी ठमी


२३ फेब्रुवारी

ठमे,

हा माझा शिष्य नाही. मी वाक्यातला भुसा काढते. त्याने वाक्यातल्या तीन बायका काढल्या, त्यांचे डोळे काढले आणि व्हॉल्व्ह काढला. ‘लक्ष आहे’ म्हणे. कोणाचं लक्ष आहे, कशावर आहे, त्यात काहीच नाही. छोटं झालं की चांगलं झालं, असं मी तुला कधी शिकवलं असेन तर ते विसर.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मला तीन गोष्टी कळव, आणि या वेळी भरपूर लिही, हात आखडू नकोस. तो हॉल कसा आहे, त्याचा नकाशा काढ. मागचं दार कुठे उघडतं? आणि जुन्या कागदावर ‘मागील दरवाजाचा वापर न करता’ असं कोणी आणि का लिहिलं होतं? हे मी खोडायच्या आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

एकदा सगळ्यांना खोटीखोटी घंटा देऊन बाहेर काढून बघ. लगेच.

आत्या


४ मार्च

प्रिय आत्या,

घंटा देऊन बघितली. साहेब नाही नाही म्हणत होते, पण तपासणीच्या कागदावर एक चौकोन रिकामा होता, ‘सराव केला का’, म्हणून तयार झाले. अकरा वाजता घंटा वाजली. सत्तावीसपैकी पंचवीस जणी मागच्या दाराने बाहेर गेल्या. सगळ्यात आधी भिंगरी.

नकाशा मागच्या बाजूला काढलाय, पण सांगतेही. समोरचं दार ट्रक लागतात त्या फलाटावर उघडतं. तिथून ऑफिसची माणसं आणि पाहुणे येतात, या बायका तिथून कधी जात नाहीत. मागचं दार एका अरुंद बोळात उघडतं. बोळाच्या एका अंगाला मशीनरूमची भिंत आहे आणि त्या भिंतीत मशीनरूमची हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. म्हणजे वायू गळला तर पंखा तो सगळा बोळातच आणून सोडणार. जुना कागद आमच्या मिस्त्रीच्या आधीच्या मिस्त्रीने लिहून घेतला होता. ती ओळ त्याची.

आणि बायका मागून का जातात, माहीत आहे? हॉलमध्ये सगळ्यांना गमबूट घालावे लागतात. चपला, डबे, पिशव्या हे सगळं मागच्या दाराशी मांडणीवर असतं. रोज तिथूनच येणं, तिथूनच जाणं. मी भिंगरीला म्हटलं, अगं पाटी वाचत नाहीस का? ती म्हणाली, ‘पाठ आहे हो पाटी, म्हणून दाखवू? पण चपला तिकडे आहेत ना!’ आणि सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

साहेबांकडे गेले. म्हटलं, पाटीवर एक ओळ वाढवू या, मागच्या दाराने जाऊ नका. ते म्हणाले, ‘तुम्हीच मला समजावलंत ना, एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही? पाटी मंजूर झाली, फोटो वरच्या ऑफिसात गेला.’ मग चपलांची मांडणी तरी पुढे आणू या म्हटलं. तर म्हणाले, फलाटावर पाहुणे येतात, तिथे चपलांचा बाजार मांडायचा का?

आत्या, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तो वास आता रोज येतो. मिस्त्री हल्ली थट्टा करत नाही. गळ्यात ओला टॉवेल टाकून फिरतो. काल मला बाजूला घेऊन म्हणाला, मोठ्या व्हॉल्व्हचं पॅकिंग, म्हणजे वायू अडवणारी आतली भरण, गेलंय, तीन आठवडे झाले नवा व्हॉल्व्ह मागवलाय, आला नाही. मशीन बंद ठेवायला साहेब तयार नाहीत, माल खराब होईल म्हणतात. मला भीती वाटते. खूप भीती वाटते. हे वाक्य कापू नकोस.

ठमी


८ मार्च

ठमे,

कापलं नाही.

तू विचारू नकोस म्हटल्यावर विचारलं नाहीस, आता मीच सांगते. तुझ्या बापालाही हे माहीत नाही.

नोकरीचं माझं चौथं वर्ष. नदीला पूर आलेला. एक माणूस खिडकीशी आला, भिजून चिंब. परगावी असलेल्या थोरल्या भावाला तार करायची होती. त्याने लिहिलं होतं, ‘आई आजारी होती आता बरी आहे पूल वाहून गेला आहे येऊ नकोस.’ त्याच्याजवळ तेवढ्या शब्दांचे पैसे नव्हते. मी पेन्सिल घेतली. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान होता तेव्हा. आई बरी असल्यावर आणि येऊ नकोस म्हटल्यावर तो कशाला येईल, मग पुलाचं सांगायचं कशाला? तार गेली, ‘आई बरी येऊ नकोस.’

घरच्या माणसाला नुसतं ‘येऊ नकोस’ सांगितलं तर तो काय समजतो? काहीतरी लपवतायत. आई गेली असणार. तो मिळेल त्या वाहनाने निघाला. शेवटचा टप्पा पायी. पूल नव्हता, अंधार होता.

चार दिवसांनी तो धाकटा पुन्हा खिडकीशी आला. भावाच्या सासरी तार करायची होती. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ‘बाई, यातलं काय काढू?’ रागाने नाही म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. मला आता फारसं ऐकू येत नाही, पण तेवढं ऐकू येतं.

त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारू लागले, शब्द गेला तर कोणाचं काय बिघडेल. सत्तावीस वर्षं विचारला. आणि तुझ्या कागदावर मात्र, न बघितलेल्या जागेचं, न बघितलेलं दार मी एका रेघेत उडवलं. तीच चूक केली, ठमे. मला कळतं म्हणजे सगळ्यांना कळतं, असं धरून चालले. घाबरलेला माणूस वाचलेलं विसरतो आणि पाय नेतील तिकडे जातो.

आता ऐक. नोकरी सोड आणि इकडे निघून ये. येणार नसशील, आणि तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तर पाटीची वाट बघू नकोस. खडू घे. मागच्या दारावरच लिही, डोळ्यांच्या उंचीवर: ‘वास आला तर इथून नको.’ जिथे चूक होणार तिथेच शब्द हवा. साहेब रागावले तर रागावू देत.

आत्या


१५ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचलं. तू तेव्हा माझ्यापेक्षा लहान होतीस गं.

निघून येत नाही. मी आले तर खडूने लिहिणार कोण?

कारण रोज लिहावं लागतं. मी सकाळी लिहिते, दुपारपर्यंत कोणीतरी पुसतं. मी पुन्हा लिहिते. साहेबांनी बोलावून सांगितलं, दारावर असलं काही लिहून बायकांमध्ये घबराट पसरवू नका, पुन्हा दिसलं तर तुमच्याकडून लेखी खुलासा घ्यावा लागेल. मी मान हलवली आणि बाहेर येऊन पुन्हा लिहिलं. माझी पाचावर धारण बसली होती, पण लिहिलं. आता माझ्या ओढणीच्या टोकाला कायम खडूची गाठ असते.

बायका हसत नाहीत आता. भिंगरी सोडून. तिने पांढऱ्या पट्ट्यांच्या नव्या चपला घेतल्यात. म्हणाली, ‘लेखनिकबाई, या टाकून पळू? वेड लागलंय का?’ मी तिचा हात धरला आणि म्हटलं, शपथ घे. तिने माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, ‘घेतली. झालं? तुमचा हात किती गार पडलाय.’

चांगली बातमी अशी की व्हॉल्व्ह आलाय. गुरुवारी दुपारी मशीन बंद करून बसवणार. मिस्त्री म्हणतो, गुरुवारपर्यंत तग धरला की सुटलो. चारच दिवस राहिलेत. आज वास जास्त होता. पण चारच दिवस.

तुझी घाबरट ठमी


२१ मार्च

प्रिय ठमे,

गुरुवार होऊन गेला. व्हॉल्व्ह बसला असेल. झोपून काढ दोन दिवस, आणि मग सविस्तर लिही. पोस्टमन आला की मी फाटकाशी उभी असते, त्याला वाटतं मी त्याच्यासाठीच उभी असते.

आत्या


२५ मार्च

ठमे,

पत्र नाही. शेजारणीकडून तुला फोन लावून घेतला, नुसता वाजतो म्हणाली. तुझ्या ऑफिसात लावला, तिथे कोणी उचलत नाही. शेजारीण माझ्याशी बोलताना तोंड दुसरीकडे फिरवते, म्हणजे मला ओठ वाचता येऊ नयेत.

दोन ओळी टाक. चुकीच्या असल्या तरी चालतील.

आत्या


२८ मार्च

ठमे, लिही.


२ एप्रिल

प्रिय आत्या,

मी आहे. मी जिवंत आहे, म्हणजे खरंच आहे, हे मीच लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आहे कारण डोळ्यांवर काळा चष्मा आहे आणि दवाखान्यातल्या खाटेवर पाठीला टेकायला काही नाही, पण हात माझाच आहे, आणि मी आहे. तुला वाटलं असेल, नाही, तुला काय वाटलं असेल ते मला लिहवत नाही. आवाज गेलाय. डॉक्टर म्हणतात येईल.

बुधवारी झालं. एक दिवस आधी. त्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणून सकाळीच दार नुसतं पुसलं नव्हतं, ओल्या फडक्याने धुतलं होतं. आणि मला साहेबांनी आल्या आल्या केबिनमध्ये बसवलं, पाहुण्यांसाठी माहितीपत्रक लिहायला. खडू ओढणीला होता, आत्या. मी दर पाच मिनिटांनी उठायचं ठरवत होते. ओल्या लाकडावर खडू उठत नाही, जरा वाळू दे, असंही मनात आलं. अडीच वाजता धप्प असा आवाज झाला आणि त्यामागून सूं सूं, आणि मग तो वास, तू समज, कोणीतरी नाकात खिळा ठोकतंय.

ऑफिस समोरच्या बाजूला आहे, मी सरळ फलाटावर पळून जाऊ शकत होते. कशी कोण जाणे, आत पळाले. बायका सगळ्या मागे धावत होत्या. काही जणींनी तोंडावर ओले कपडे धरलेले, म्हणजे पाटी पाठ होती, पाटीतलं सगळं त्या करत होत्या, फक्त पाय मागच्या दाराकडे होते. मी त्यांच्यातून वाट काढून दाराशी पोचले आणि दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले आणि ओरडले, इथून नको, इथून नको, समोरून! किती वेळा ओरडले ते माहीत नाही. तेव्हाच आवाज गेला असणार. त्या वळल्या. आत्या, त्या वळल्या, सगळ्या.

सगळ्या नाही. दार माझ्या पाठीमागे आधीच उघडं होतं. भिंगरी माझ्याही आधी पोचली होती. मी वळून बघितलं तर बोळात सगळं पांढरं धुकं, आणि मांडणीवर सव्वीस जणींच्या चपला. मी तिला हाक मारली तर आवाज फुटेना. मिस्त्रीने मला ओढून बाहेर काढलं, मग तोंडाला टॉवेल बांधून तो तिच्यासाठी आत गेला. तिला आणलं. ती तीन दिवस होती. शेजारच्याच खोलीत होती.

तिने शपथ घेतली होती. मला तिचा राग येतो आणि मग माझाच येतो.

आता चौकशी बसली आहे. सगळ्यांकडून लेखी जबानी मागितली आहे, अर्ध्या पानात, पंधरा दिवसांच्या आत. साहेब दवाखान्यात येऊन गेले. फळं घेऊन आले होते. म्हणाले, ‘थोडक्यात लिहा. तुम्हाला जमतं ते.’ मी लिहून ठेवलंय, सोबत पाठवते. तू एकदा बघून दे. मला आता कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला काढायचा ते कळेनासं झालंय.

‘मी शीतगृहात लेखनिक आहे. पाटीच्या मूळ मसुद्यात मागच्या दाराने जाऊ नये असे होते. ते अनावश्यक वाटल्याने मी काढले. सरावात चूक लक्षात आली. पाटी बदलण्याची विनंती मान्य झाली नाही. वासाची नोंद मी रिपोर्टात केली होती, ती संक्षिप्त करण्यात आली. घटनेत एक महिला कामगार मृत झाली.’

तुझी
ठमी


७ एप्रिल

माझ्या ठमे,

तुझं पत्र आलं तेव्हा पेन्सिल हातातच होती, सवयीने. पहिल्या परिच्छेदात तू ‘मी आहे’ किती वेळा लिहिलंस ते मोजलं नाही. एकही खोडलं नाही. पत्र उशाखाली आहे.

जबानी मात्र मला पसंत नाही. तू फार कापलं आहेस. आणि जे कापलंस ते नेमकं काय, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

‘मी काढले’ हे खोटं आहे. तू मला वाचवायला बघते आहेस. तिथे मी असं लिहिलं आहे, ‘ती ओळ माझ्या आत्याने लाल पेन्सिलने खोडली. तिने ती जागा पाहिली नव्हती. विचारलंही नव्हतं.’ माझा तो लाल केलेला कागद तुझ्याकडे असेल, तू काही टाकत नाहीस. तो जोड.

‘संक्षिप्त करण्यात आली.’ कोणी केली? लिही. आधी काय होतं आणि नंतर काय उरलं, दोन्ही वाक्यं शब्दन् शब्द लिही, एकाखाली एक. व्हॉल्व्ह किती आठवडे आला नाही ते लिही. मशीन बंद ठेवायला कोण नाही म्हणालं ते लिही. दार कोणत्या सकाळी, कशासाठी धुतलं ते लिही. खडूचं लिही.

आणि ‘एक महिला कामगार’ हे तर मला वाचवेना. तिला भिंगरी म्हणत हे लिही. ती घंटेआधी दारात असायची, तिने नव्या चपला घेतल्या होत्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या, तिला पाटी पाठ होती. हे कशाला, असं ते विचारतील. त्यांना सांग, ती चपलांकडे का धावली हे त्याशिवाय कळणार नाही.

अर्ध्या पानात बसणार नाही. नको बसू दे. दुसरं पान जोड, तिसरं जोड.

मला भीती वाटते, हे तुझ्याकडून शिकून सरळ लिहिते. अनोळखी लोकांपुढे उभं राहायची, त्यांचं बोलणं ऐकू न येण्याची, आणि ते मला म्हणतील त्याची. तरी चौकशीपुढे मी येणार आहे. प्रश्न त्यांनी कागदावर लिहून द्यावेत. उत्तर मी तोंडी देईन, आणि लांबलचक देईन. त्या माणसाने खिडकीशी मला जे विचारलं होतं, यातलं काय काढू, त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. काही काढू नकोस.

शुक्रवारी सकाळी नऊच्या बसने निघते, अडीचला पोचेन. मला उतरवून घ्यायला येऊ नकोस. कारण लिहिते: तुझ्या डोळ्यांना अजून ऊन सोसायचं नाही. दुसरं कारण नाही. माझी तब्येत बरी आहे, रस्ता चांगला आहे, वाटेतले पूल शाबूत आहेत. मी विचारून घेतलं आहे.

तुझी आत्या